कागदाला स्वच्छ भोक पाडणारी बुलेट: घरी काडतुसं भरणाऱ्यांसाठी

दिवाळीच्या फराळाला भाचा आला तेव्हा त्याच्या फोनवर दोन डब्यांचे फोटो होते. एकात १५८ ग्रेन वजनाच्या, तांब्याचा मुलामा दिलेल्या गोल नाकाच्या बुलेट. दुसऱ्यात १४८ ग्रेनचे शिशाचे वॉडकटर, म्हणजे सपाट नाकाच्या बुलेट. "मावशी, यातला कुठला मागवू?" त्याने नुकताच .३८ स्पेशल या काडतुसाचा एक जुना रिव्हॉल्व्हर घेतलाय आणि कागदी लक्ष्यावर नेम मारणं एवढाच त्याचा उपयोग आहे. मी विचारलं, "तुझ्या सिलिंडरच्या कप्प्यांचं माप किती?" काडतुसं बसतात त्या फिरत्या चक्राचे कप्पे त्याने मोजलेच नव्हते. डबा निवडणं तिथेच थांबलं, आणि फराळ झाल्यावर आम्ही तळघरातल्या माझ्या बाकाकडे उतरलो. त्या दुपारी त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

मी अमेरिकेत, ओहायोतल्या टोलेडोजवळ राहते. इथून तासाभरावर एरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी आहे, जिथे १९०७ पासून नेमबाजीच्या राष्ट्रीय स्पर्धा होत आल्या आहेत. इथे येण्याआधी भोसरीच्या एका कारखान्यात मी गेज रूममध्ये होते. मायक्रोमीटर हातात धरायची सवय तिथली, आणि बुलेट निवडताना मला सगळ्यात जास्त उपयोग त्याच सवयीचा झाला.

आधी शब्द साफ करू, कारण आपण मराठीत सगळ्यालाच 'गोळी' म्हणतो. पूर्ण तयार वस्तू म्हणजे काडतूस. त्याचे भाग चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाला बसवलेला, ठिणगी देणारा प्रायमर, आत बंदुकीची दारू, आणि तोंडाशी बसवलेली बुलेट. नळीतून बाहेर जाते ती फक्त बुलेट. पुंगळी मागे राहते आणि ती पुन्हा पुन्हा भरता येते. हे भरणं म्हणजे रिलोडिंग. .२२ च्या काडतुसात प्रायमरचं रसायन पुंगळीच्या कडेतच असतं, म्हणून ते पुन्हा भरता येत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये ज्या २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं, ते .२२ चं. पण जसपाल राणांनी २००६ ला दोह्यात ज्या प्रकारात ५९० गुणांची जागतिक विक्रमाशी बरोबरी केली, तो सेंटर-फायरचा, म्हणजे प्रायमर बुडाच्या मधोमध असलेल्या काडतुसांचा. तिथे बुलेटचा प्रश्न येतो.

कायद्याचं आत्ताच सांगते, कारण आपल्या मंडळींना ते माहीत नसतं. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे. तिथल्या कुणी हे घरी करू नये. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायला लागतो, आणि राज्याराज्यांचे नियम वेगळे. आणखी एक. एच-१-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना काही ठरावीक अपवाद सोडले तर बंदूकच काय, काडतूसही जवळ बाळगता येत नाही. भाच्याला ग्रीन कार्ड मिळेपर्यंत मी त्याला माझ्या बाकावरचा एक प्रायमरसुद्धा घरी नेऊ दिला नव्हता. तुमचं कागदपत्रांचं चित्र स्पष्ट नसेल तर वकिलाला विचारा, मग पुढचं वाचा.

आता कागद. गोल नाकाची बुलेट कागदाला कापत नाही, ढकलून फाडते. कागदाचे तंतू मागे वाकतात आणि बुलेट गेल्यावर परत येतात, म्हणून भोक बुलेटपेक्षा लहान आणि कडेला चिरलेलं दिसतं. वॉडकटरचं नाक सपाट असतं, कडा धारदार. ऑफिसातल्या पंच मशीनसारखं ते गोल तुकडा कापून नेतं. भोकाची कड रेषेला टेकली तर वरचे गुण मिळतात, त्यामुळे फाटक्या कडेवरून वाद होतो आणि स्वच्छ कडेवर होत नाही. फाटक्या भोकात गेज घालून निर्णय करावा लागतो, आणि ते गेज घालतानाही कागद आणखी फाटतो. म्हणून माझं पहिलं मत ठाम आहे: .३८ स्पेशलने फक्त कागद मारायचा असेल तर वॉडकटरपासून सुरुवात करा. आंतरराष्ट्रीय सेंटर-फायर प्रकारात .३२ एस अँड डब्ल्यू लाँगचे वॉडकटर चालतात तेही याच कारणाने.

पण कुठला वॉडकटर, हा प्रश्न मापाचा आहे, आणि इथे मी घाई करणार नाही.

रिव्हॉल्व्हरमध्ये बुलेटचा प्रवास असा असतो: पुंगळीतून सुटली की आधी सिलिंडरच्या कप्प्याच्या पुढच्या तोंडातून जाते, ज्याला इथे थ्रोट म्हणतात. मग सिलिंडर आणि नळी यांच्यातली बारीक फट ओलांडते, मग नळीत शिरून रायफलिंगच्या, म्हणजे बुलेटला फिरकी देणाऱ्या, खाचांत बसते. थ्रोट ०.३५८ इंच आणि बुलेट ०.३५७ असेल तर तेवढ्या एका थाऊच्या, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या, फटीतून तापलेला वायू बुलेटच्या कडेने पुढे निसटतो. तो शिसं वितळवत, कापत जातो आणि ते शिसं नळीच्या सुरुवातीलाच चिकटून बसतं. थ्रोट नळीच्या खाचांपेक्षा लहान असेल तर उलटं होतं. तिथे बुलेट आधी दाबून बारीक होते आणि मग मोठ्या नळीत सैल जाते. अशा वेळी कुठलीही बुलेट घ्या, फरक पडत नाही. बंदुकीच्या कारागिराकडून थ्रोट मोठे करून घ्यावे लागतात.

म्हणून आधी मोजा. रिव्हॉल्व्हर रिकामा आहे हे दोनदा बघा, सिलिंडर काढा. मासेमारीच्या गळाला लावतात तो शुद्ध, मऊ शिशाचा मणी घ्या, थ्रोटपेक्षा किंचित मोठा. तेलाचा थेंब लावा आणि लाकडी किंवा पितळी दांड्याने हलके ठोकत पार करा. बाहेर आलेल्या शिशाचा व्यास मायक्रोमीटरने घ्या. व्हर्नियर चालणार नाही. अर्धा थाऊ त्यावर भरवशाने वाचता येत नाही. सहाही कप्पे मोजा आणि लिहून ठेवा. माझ्याकडे पिन गेजचा संच आहे, त्यामुळे मी ०.३५७५, ०.३५८०, ०.३५८५ अशा पिना एकेक घालून बघते. तेही तितकंच चांगलं, आणि लवकर होतं.

नळीचं मापही असंच मणी घालून घेतात, पण स्मिथ अँड वेसन कंपनीच्या रिव्हॉल्व्हरच्या नळीत पाच खाचा असतात. पाच म्हणजे विषम, त्यामुळे एका खाचेच्या समोर दुसरी खाच येत नाही आणि साध्या मायक्रोमीटरने खरा व्यास मिळत नाही. त्याला व्ही-अँव्हिल मायक्रोमीटर लागतो, जो आम्ही भोसरीला पाच दातांच्या टॅपवर वापरायचो. तो नसेल तर हरकत नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये बुलेट थ्रोटच्या मापाची घ्यायची, हा नियम पुरतो. बुलेट रिकाम्या थ्रोटमध्ये टाकल्यावर आपोआप खाली पडू नये, बोटाने किंवा पेन्सिलीने हलकं ढकलल्यावर सरकावी. भाच्याचे सहाही थ्रोट ०.३५८ निघाले. मग डब्यावर ०.३५८ लिहिलेलं आहे की ०.३५७, एवढंच बघायचं उरलं.

हे मी शिकले ते नुकसान सोसून. सुरुवातीला एका विक्रेत्याकडून मी कडक शिशाच्या ३,००० बुलेट एकदम घेतल्या होत्या. जाहिरातीत 'कडक' हा शब्द मोठ्या अक्षरात होता आणि कडक म्हणजे चांगलं, असं मला वाटलं. माप ०.३५७, माझे थ्रोट ०.३५८५. शंभर काडतुसांत नळीत करड्या पट्ट्या चढल्या आणि २५ यार्डांवर दहा भोकं जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत विखुरली. त्यातली काही भोकं लांबट होती. लांबट भोक म्हणजे बुलेट हवेत कोलमडत, आडवी होऊन कागदावर आली. आमच्या क्लबातल्या एका जुन्या सभासदांनी कागद बघितला, नळीत डोकावले आणि म्हणाले की शिसं नळीच्या सुरुवातीला साचलंय, म्हणजे बुलेट बारीक आहे. टोकाकडे साचलं असतं तर बुलेटवरचं वंगणाचं मेण कमी पडतंय असं समजायचं. त्या दिवसापासून मी प्रत्येक सरावानंतर नळीत प्रकाश टाकून आधी कुठे साचलंय ते बघते. साफ करायला शुद्ध तांब्याच्या तारेची घासणी ब्रशवर गुंडाळून फिरवते. घासणीला लोहचुंबक लावून बघायचं. चिकटली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली लोखंडी आहे, ती नळीत घालायची नाही.

कडकपणाचं गणित असं आहे. शुद्ध शिशाचा ब्रिनेल अंक ५ च्या आसपास, बाजारात मिळणाऱ्या ओतीव बुलेटचा बहुधा १५ किंवा वर. टार्गेटचं काडतूस सौम्य असतं, बुलेट सेकंदाला साधारण ७०० फुटांनी जाते. इतक्या कमी दाबाने कडक बुलेटचं बूड फुगत नाही, आणि माप बारीक असेल तर ती फट भरूनच निघत नाही. मऊ बुलेट फुगून फट बुजवते. होलो बेस वॉडकटरला तर तळाशी वाटीसारखा पोकळ भाग असतो, त्याची पातळ कड वायूच्या दाबाने फाकते आणि नळीच्या भिंतीला चिकटून बसते. जुन्या, किंचित सैल नळीला हा उत्तम उपाय आहे. पण त्याला जोरात पळवायचं नाही. दाब वाढला तर ती कड तुटून नळीत राहू शकते, आणि पुढची गोळी तिच्यावर आदळली तर नळी फुगू किंवा फुटू शकते. शिवाय इतका मऊ वॉडकटर पुंगळीत खोल बसतो, त्यामुळे पुंगळीचं तोंड साध्या साच्याने उघडलं तर आतली निमुळती भिंत बुलेटचं बूड दाबून बारीक करते, आणि एवढं मापून आणलेलं माप पुंगळीतच जातं. वॉडकटरसाठी जास्त खोल जाणारा एक्स्पांडर मिळतो, तो घ्या. खात्री करायची असेल तर भरलेल्या काडतुसातून एक बुलेट उपटून काढा आणि पुन्हा मायक्रोमीटर लावा.

वजनाकडे येते. डब्यावर ग्रेन लिहिलेले असतात आणि ७,००० ग्रेनचा एक पौंड होतो, पण आपल्याला याहून जवळचं माप आहे. जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा, मासा १५ ग्रेनचा. म्हणजे १४८ ग्रेनचा वॉडकटर जवळजवळ दहा मासे, आणि .४५ ची मूळ लष्करी २३० ग्रेनची बुलेट सव्वा तोळ्याहून थोडी जड. भाच्याने १५८ ग्रेन घ्यायचं म्हटलं ते 'जड म्हणजे स्थिर' म्हणून. कागदासाठी त्यात तथ्य फारसं नाही. त्याच वेगाला हलकी बुलेट हाताला कमी धक्का देते, आणि एका स्पर्धेत २७० गोळ्या झाडायच्या असतात तेव्हा शेवटच्या तीसांत तो फरक मनगटाला कळतो. १५८ ग्रेनची सेमी-वॉडकटर मात्र चांगली दुसरी निवड आहे: टोकाला निमुळती पण खांद्याशी धारदार कड, त्यामुळे भोक बऱ्यापैकी स्वच्छ, आणि रिव्हॉल्व्हर पटकन भरायचा असेल तर कप्प्यात सहज शिरते.

.४५ ऑटोमध्ये याच आकाराची २०० ग्रेनची सेमी-वॉडकटर बुल्सआय, म्हणजे एका हाताने पिस्तूल धरून कागदी लक्ष्यावर नेम मारण्याचा अमेरिकन प्रकार, खेळणाऱ्यांची जुनी आवडती. शिशाची असेल तर ०.४५२ इंच, तांब्याच्या जाकिटाची असेल तर ०.४५१. मॅगझिनमधून नळीत चढताना ती अडकते का, हे तुमच्या पिस्तुलावरच ठरतं; नळी काढून भरलेलं काडतूस तिच्यात टाकून बघा, 'टप्' असा आवाज करत पूर्ण बसलं पाहिजे आणि उलटं केल्यावर आपोआप बाहेर पडलं पाहिजे. ९ मिलिमीटरची जाकिटाची बुलेट ०.३५५, शिशाची बहुधा ०.३५६, आणि नळ्यांच्या मापांत इतका फरक असतो की मोजल्याशिवाय शिसं घेऊच नका. ग्लॉकची कंपनी आपल्या बहुकोनी रायफलिंगच्या नळ्यांत साधं शिसं वापरू नका असं सांगते, ते ऐका.

मुलामा आणि जाकीट एकच समजू नका. जाकीट म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूची जाड वाटी. मुलामा म्हणजे वीज वापरून चढवलेला पातळ थर. पुंगळीचं तोंड जोरात आवळलं तर तो थर कापला जातो, आणि कापलेला थर हवेत सुटला की नेम गेला. अलीकडे रंगीत पॉलिमरचं आवरण दिलेल्या बुलेट मिळतात. मेणाचा धूर नाही, हाताला शिसं कमी लागतं, माप शिशासारखंच निवडता येतं. बंदिस्त रेंजवर मारणाऱ्याला मी आज त्याच सुचवेन. आवरण नीट भाजलंय का हे बघायला एक बुलेट ऐरणीवर हातोडीने चपटी करा. आवरण शिशाबरोबर पसरलं पाहिजे, पापुद्र्यासारखं सुटता कामा नये. जाकिटाच्या बुलेट टार्गेटच्या सौम्य भरणीत मात्र घालू नका. शिसं जिथून सहज सरकून जातं तिथे जाकीट नळीत अडकू शकतं.

दारू किती घालायची ते मी लिहिणार नाही. तो आकडा तुम्ही दारू बनवणाऱ्या कंपनीच्या किंवा बुलेट बनवणाऱ्याच्या छापील कोष्टकातून घ्यायचा, नेमकी तीच बुलेट बघून. १४८ ग्रेनचा वॉडकटर पुंगळीच्या तोंडाशी सपाट बसतो, म्हणजे जवळजवळ पूर्ण आत. १५८ ग्रेनची बुलेट बरीच बाहेर असते. आतली जागा बदलली की दाब बदलतो, त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याला लावणं धोक्याचं. .३८ ची पुंगळी मोठी आणि टार्गेटची दारू चिमूटभर, तेव्हा चुकून दोनदा पडली तरी ती आत मावते. बुलेट बसवण्याआधी पन्नास पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या करून बॅटरीच्या उजेडात एकेक बघायची, हा माझा नियम कधी चुकलेला नाही.

पाचशेचा डबा आला की आधी पन्नास बाहेर काढा आणि बूड बघा. लोक नाकाकडे बघतात, पण नळी सोडताना वायू शेवटचा धक्का बुडाला देतो. बुडाची कड एका बाजूला खचली असेल तर वायू तिकडून आधी निसटतो आणि बुलेट कलते. नाकावर ओरखडा असला तरी ती सरळ जाते. खचलेल्या बुडाच्या बाजूला काढा, सरावाला वापरा. उरलेल्यांतल्या वीस तोला. ग्रेन-दीड ग्रेन फरक चालतो, पाच-सहा ग्रेन कमी निघाली तर आत हवेचा बुडबुडा आहे.

चाचणी वाळूच्या उशीवर हात टेकवून करा, २५ यार्डांवर, दहा-दहा गोळ्यांचे तीन कागद. तीन गोळ्यांचा सुंदर त्रिकोण काहीच सांगत नाही. बुल्सआयच्या बी-८ लक्ष्यावर दहाचं वर्तुळ ३.३६ इंचांचं, आणि ५० यार्डांच्या बी-६ वरही जवळपास तेवढंच. त्यामुळे २५ वर दीड इंचात बसणारी भरणी ५० वर निदान तीन इंच पसरणार, आणि तिथे तुमच्या हाताच्या थरथरीला जागाच उरत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला: बुलेट बदलली तर पुंगळ्या त्याच, प्रायमर तेच, दारू तीच. कॅम्प पेरीत सरोवराचा वारा सुटतो तेव्हा चाचणी करत नाही. त्या दिवशीचा कागद बुलेटबद्दल खोटं सांगतो.

शिशाबद्दल मी कडक आहे. बाकावर खाणं-पिणं नाही, काम झालं की साबणाने हात आणि तोंड, रेंजचे कपडे वेगळे धुवायचे. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. घरात लहान मूल असेल तर दर वर्षी रक्तातलं शिसं तपासा. इथे मुलांसाठी २०२१ पासून डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम ही लक्ष द्यायची पातळी धरतात. भाच्याची मुलगी दोन वर्षांची आहे. म्हणून त्याचं भरण्याचं मशीन त्याच्या घरी न बसवता माझ्या तळघरात, माझ्या बाकाच्या शेजारी बसलंय.

त्याने शेवटी ०.३५८ चे होलो बेस वॉडकटर मागवले, पाचशेच. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या शनिवारी आम्ही उशीवरून तीन कागद मारले: दोन इंच, पावणेदोन, दोन. नळीत बॅटरी टाकली, करडी पट्टी नव्हती. त्याने डब्यावर तारीख, बुलेटचं माप, लॉट नंबर आणि तीन आकडे लिहिले, आणि मग तोच लॉट संपायच्या आत आणखी दोन हजार मागवले.